डायलिसिस वॉर्डातल्या अंबुजाबाई

अंबुजाबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात लॅपटॉप होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं आणि मी त्यांना इंग्रजीत आमच्या प्रोग्रॅमचे फायदे समजावून सांगत होतो. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग चष्मा कपाळावर सरकवला, माझी कानशिलं पाहिली, शर्टाची कॉलर पाहिली, आणि मराठीत विचारलं, "मेसांत जेवतोस कीं काय?"

मी लॅपटॉप मिटला. एक तर मी खरोखर मेसमध्ये जेवत होतो. दुसरं म्हणजे दोन्ही नाकपुड्यांवर चमक्या, केसांत मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा आणि अंगावर रुग्णालयाचा पांढरा कोट अशा बाई चेन्नईत मराठी बोलतील अशी माझी कल्पना नव्हती.

"तुम्ही मराठी आहात?"

"मग काय तेलुगू? तंजावूरचे आम्ही. घरांत तीनशें वरुषं हीच भाषा आहे. तुमची कुठची? हल्लीची?"

मी सांगलीचा. दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं ती. अड्यारच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मला पहिली नोकरी लागली होती आणि वेस्ट मांबलमला तिघांत एक खोली होती. चेन्नईत येऊन सात महिने झाले होते आणि मराठी बोलणं फक्त फोनवर व्हायचं. त्यामुळे अंबुजाबाईंचं बोलणं मी पहिले काही दिवस नुसतं कान लावून ऐकत बसायचो. त्या 'विचारणं' म्हणत नसत, 'पुसणं' म्हणत. 'बसा' नाही, 'बैसा'. 'झालं'चं 'जालं', 'सगळं'चं 'अस्की'. आणि हे सगळं तमिळ चालीवर, प्रत्येक वाक्याला शेवटी एक हेलकावा देऊन. एखादं जुनं ऐतिहासिक पत्र कुणी मायलापूरच्या देवळासमोर भाजी घेता घेता वाचून दाखवावं, तसं ते ऐकायला वाटायचं. माझ्या बोलण्याला मात्र त्या हसत. "अर्धी इंग्लिश, अर्धी घाई," असं त्यांचं माझ्या मराठीबद्दलचं मत होतं.

अंबुजाबाई त्या रुग्णालयाच्या डाएटीशियन होत्या. डायलिसिस वॉर्डात साठेक पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा यायचे, चार तास यंत्राला जोडून पडायचे आणि घरी जायचे. मला तोपर्यंत वाटायचं की यंत्रानं रक्त धुतलं की संपलं. अंबुजाबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझा गैरसमज दूर केला. डायलिसिसवरच्या माणसाच्या जिभेची चव जाते. मीठ बंद, पाणी मापून, केळं नको, शहाळं नको. त्यात यंत्र रक्तातल्या घाणीबरोबर थोडं चांगलंही काढून घेतं. माणूस हळूहळू खायचं कमी करतो आणि त्याचं त्यालाच कळत नाही. "किडनी गेली ती गेली," त्या म्हणायच्या. "त्याच्या मागनं दंड जातो, मांडी जाते, मग उठायची हौस जाते. ते कुणी बघत नाहीं."

ते बघणारा प्रोग्रॅम लिहायचं काम आमच्या कंपनीकडे आलं होतं. वजन, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन, दंडाचा घेर, हाताच्या पकडीचा जोर आणि खाण्यापिण्याबद्दल काही प्रश्न, एवढं नर्सनं भरायचं. प्रोग्रॅम हिशेब करून प्रत्येक पेशंटच्या नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका दाखवणार. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे हा माणूस उपाशी मरतोय.

"पहिला पेशंट तूंच," अंबुजाबाई म्हणाल्या. त्यांनी टेपनं माझा दंड मोजला, चिमट्यासारख्या एका उपकरणानं दंडामागची कातडी पकडली, पकडीचा दांडा दाबायला लावला आणि सगळे आकडे स्वतः एका बोटानं भरले. माझ्या नावापुढे पिवळा ठिपका आला.

"बेश," त्या म्हणाल्या. "यंत्राला डोळे आहेत."

मी सांगून पाहिलं की हा प्रोग्रॅम किडनीच्या पेशंटसाठी आहे, माझ्या किडन्या उत्तम आहेत. त्याचा उपयोग झाला नाही. पुढच्या सोमवारपासून माझ्यासाठी घरून एक डबा यायला लागला. त्यात कधी डांगर पचडी म्हणजे उडदाचं पीठ कालवलेलं दही, कधी पोळ्या, कधी वांगीभात. सोमवारी डबा द्यायचा आणि पहिल्या तारखेला माझा दंड मोजायचा असा क्रम त्यांनी दीड वर्ष चालवला. माझा ठिपका हिरवा झाल्यावरही डबा थांबला नाही. "आतां थांबलं तर पुन्हा पिवळा होशील," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

वॉर्डात त्यांची चाल फार हळू. हातात कधी फाइल नसायची. एका कॉटपाशी जायच्या, नमस्कार करायच्या आणि बोलता बोलता माणसाचे घोटे, चपलांच्या पट्ट्या, शर्टाचे खांदे, उशाशी ठेवलेला डबा, असं सगळं पाहून घ्यायच्या. "रिपोर्ट महिन्यानं येतो," त्या मला म्हणायच्या, "शर्ट रोज येतो." खांद्याची शिवण दंडावर उतरली की माणूस उतरला, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

प्रोग्रॅमची पहिली फजिती प्रश्नांवरून झाली. मी यादी केली होती, त्यात पहिलाच प्रश्न, 'जेवण व्यवस्थित होतं का?' नर्सनी तो तमिळमध्ये विचारायला सुरुवात केली, "साप्टाच्चा?" म्हणजे, जेवलात का? चेन्नईत हा प्रश्न नसतोच. रस्त्यात भेटलेल्या माणसालाही हेच विचारतात आणि तोही चालता चालता "साप्टाच्चु", जेवलो, म्हणून पुढे जातो. साठच्या साठ पेशंटनी "साप्टाच्चु" म्हटलं. पहिल्या आठवड्यात माझ्या पडद्यावर इतका हिरवा रंग आला की मला अभिमानच वाटला.

अंबुजाबाईंनी तो पडदा पाहिला आणि खुर्ची ओढून बसल्या. "उद्यां हे रुग्णालय बंद करूं आणि लग्नकार्याला कल्याण मंडपम् काढूं," त्या म्हणाल्या. "अस्की जेवून तृप्त आहेत."

मग त्यांनी प्रश्न बदलला. जेवलात का असं विचारायचंच नाही. विचारायचं, काल पानात काय उरलं आणि ते कुणी खाल्लं? या प्रश्नाला कुणाकडे तयार उत्तर नव्हतं, त्यामुळे माणसं खरं बोलायला लागली. एकाचा दहीभात रोज गल्लीतला कुत्रा खात होता. एका आजींच्या इडल्या नातू खात होता आणि आजी सुनेला "दोन खाल्ल्या" असं सांगत होत्या. दोन दिवसांत माझा अर्धा पडदा पिवळा झाला.

तिथून आम्ही इडलीवर आलो. मी प्रोग्रॅममध्ये 'एक इडली' असं लिहून पुढे तिचं प्रथिन घातलं होतं. "कुठची इडली?" अंबुजाबाईंनी विचारलं. मला प्रश्नच कळला नाही. दुसऱ्या दिवशी त्या तीन डबे घेऊन आल्या. एकात त्यांच्या वहिनीची इडली, एकात आमच्या मेसमधली, एकात मांबलम स्टेशनाबाहेरच्या टपरीवरची. रक्ताच्या नमुन्यांच्या खोलीतला वजनकाटा आणून आम्ही तिन्ही तोलल्या. टपरीची इडली वहिनींच्या इडलीच्या जवळजवळ दुप्पट भरली. मोठे डॉक्टर, म्हणजे किडनी विभागाचे प्रमुख, नेमके तेव्हा आत आले. आम्ही दोघं काट्यावर वाकलो होतो आणि मी वहीत 'मेस, थोडी ओली' असं लिहीत होतो.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"संशोधन, सार," अंबुजाबाई म्हणाल्या आणि उरलेली इडली त्यांच्यापुढे केली. डॉक्टरांनी ती खाल्ली. त्यानंतर प्रोग्रॅममध्ये इडलीचे लहान, मध्यम आणि स्टेशन असे तीन प्रकार झाले.

हे वाचून वाटेल की बाईंना यंत्राची गरज नव्हती. मलाही तसं वाटायला लागलं होतं. सुलोचनाम्मांच्या प्रसंगानं ते बदललं.

सुलोचनाम्मा या वॉर्डातल्या सगळ्यांत गोल आणि सगळ्यांत हसऱ्या पेशंट. दर खेपेला घरून मुरुक्कूचा, म्हणजे चकल्यांचा, मोठा डबा आणायच्या आणि नर्स, वॉर्डबॉय, डॉक्टर, सगळ्यांना वाटायच्या. अंबुजाबाईंच्या वाट्याला वेगळी पिशवी असे. एका सकाळी सुलोचनाम्मांच्या नावापुढे लाल ठिपका आला.

"तुझ्या यंत्राला मोतीबिंदू जाला," अंबुजाबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे बघ. हे उपाशी माणूस आहे?"

मी आकडे पुन्हा तपासले. अल्ब्युमिन सलग दोन महिने उतरलं होतं. पकडीचा जोर निम्म्यावर आला होता. मी भीत भीत म्हटलं, "बाई, आकडे तरी तसंच सांगतायत."

"आकडे सांगतात, मी बघतें," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मंगळवारी डबा आला नाही हे मी धरत नाही, कारण डब्याचा वार सोमवार होता. पण तरी मला ते लागलं.

तिसऱ्या दिवशी सुलोचनाम्मा डायलिसिसला आल्या तेव्हा अंबुजाबाई त्यांच्या कॉटपाशी स्टूल घेऊन बसल्या आणि त्यांनी आणलेला एक मुरुक्कू त्यांच्याच हातात दिला. "तुम्ही खा, मी बघतें," म्हणाल्या. सुलोचनाम्मांनी आधी हसून टाळलं, मग उपास आहे म्हणाल्या, मग रडायला लागल्या. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी दातांची नवी कवळी बसवली होती आणि ती टोचत होती. मुलानं एवढ्या कौतुकानं करून दिलेली, त्याला कसं सांगायचं म्हणून त्या गप्प होत्या. चावता येत नव्हतं. कॉफी आणि मऊ भात, तोही दोन घास, यावर त्या दिवस काढत होत्या. अंग गोल होतं, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. आणि चावता येत नाही ते सगळं त्या वाटून टाकत होत्या.

अंबुजाबाई माझ्या टेबलापाशी आल्या. वॉर्डात सगळे होते, नर्स, पेशंट, मोठे डॉक्टरही. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत, लॅपटॉपशी बोलल्या. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "तूं बरोबर सांगत होतास." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "दोन महिने तिचे मुरुक्कू मींच खाल्ले रे. आवडीनं."

त्या महिन्यात आयुधपूजा आली. चेन्नईत त्या दिवशी बसपासून टाइपरायटरपर्यंत सगळ्या हत्यारांना गंध-कुंकू लागतं. अंबुजाबाईंनी दंडाच्या टेपला, कातडीच्या चिमट्याला आणि वजनकाट्याला कुंकू लावलं आणि मग माझ्या लॅपटॉपला, झाकणाच्या बरोबर मधोमध, चंदनाचा एक मोठा टिळा लावला. तो पुढे कितीही पुसला तरी गेला नाही.

यानंतर पंधरवड्यानं रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी मला प्रोग्रॅम केव्हा पूर्ण होईल असं विचारलं. मी तारीख सांगितली. ते खूश झाले आणि सहज म्हणाले की मग पुढच्या वर्षी रुग्णालयाच्या तिन्ही डायलिसिस सेंटरना मिळून एकच डाएटीशियन पुरेल, अंबुजा मॅडम निवृत्तीला आल्याच आहेत, त्यांची जागा भरायला नको.

हे मला माहीत नव्हतं. मी इतके महिने त्या बाईंच्या डब्यातलं खात होतो आणि त्यांचीच जागा घालवत होतो. दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. त्या कँटीनच्या आचाऱ्याला बिनमिठाची चटणी शिकवत होत्या. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तूं येण्याच्या आधींपासून. मज बोलावून सांगितलं त्यांनीं."

"मग मला एवढं सगळं शिकवलंत कशाला?"

त्यांनी हात धुतले, कोटाला पुसले. "साठ माणसं आहेत. मज डोळे दोन. सोमवारीं बघितलेलं बुधवारीं सारखं आठवत नाहीं. आणि मुरुक्कू कुणी दिला कीं मज कमी दिसतं. यंत्राला मुरुक्कू कोण देणार?" मग म्हणाल्या, "माझी जागा जाणारच होती. तुझं शिक्षण अर्धं राहिलं असतं तर तूं काय ठिपके काढले असतेस, देव जाणे."

प्रोग्रॅमचं प्रात्यक्षिक ठरलं. मोठे डॉक्टर, व्यवस्थापक, दुसऱ्या सेंटरचे दोन डॉक्टर आणि आमच्या कंपनीचे साहेब वॉर्डात गोळा झाले. कुठलाही पेशंट निवडा, असं मी मोठ्या ऐटीत म्हणालो. डॉक्टरांनी सहाव्या कॉटवरचे वरदराजन निवडले. वरदराजन सार हे रेल्वेतून निवृत्त झालेले सिग्नल इन्स्पेक्टर, कपाळावर वैष्णवांचं उभं नाम, अत्यंत काटेकोर आणि अत्यंत सोवळ्यातले. मी त्यांचं नाव दाबलं. ठिपका हिरवा. वजन सहा महिने एकसारखं, ग्रॅमचा फरक नाही. व्यवस्थापकांनी टाळी वाजवायला हात वर घेतले.

"नाहीं," मागून अंबुजाबाई म्हणाल्या. मराठीतच म्हणाल्या, पण 'नाही' सगळ्यांना कळलं.

त्यांनी वरदराजन सारांचं मनगटी घड्याळ काढलं आणि वर धरलं. कातडी पट्ट्याला कारखान्यानं पाडलेल्या भोकांच्या आत, खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं होती. "ही कधी पाडलीत, सार?"

"एक जानेवारीत, पोंगलच्या सुमाराला," वरदराजन म्हणाले. "दुसरं उन्हाळ्यात. तिसरं परवा." सिग्नल खात्यातले असल्यामुळे त्यांच्या सगळं लक्षात होतं.

मग अंबुजाबाईंनी त्यांच्या घोट्यावर बोट दाबलं. बोट काढल्यावर तिथे खळगा तसाच राहिला. "मांस गेलं, त्या जागीं पाणी आलं," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "काट्याला काय, दोन्ही सारखंच." मोठ्या डॉक्टरांनी स्वतः घोटा दाबून पाहिला. मी पडद्याकडे पाहत उभा राहिलो; अल्ब्युमिन आणि दंड थोडे थोडे उतरलेले तिथेच होते, पण माझ्या हिशेबात स्थिर वजनानं ते झाकले होते. आमचे साहेब माझ्याकडे पाहत उभे राहिले.

त्या दिवसापासून प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टी वाढल्या. एक, नुसत्या वजनावर भरवसा ठेवायचा नाही, सुजेचीही नोंद घ्यायची. दुसरी मोठ्या डॉक्टरांनी सांगितली. एक मोकळा रकाना ठेवायचा, त्यावर 'मॅडमचं मत', आणि ते मत यंत्राच्या ठिपक्याच्या वर चालेल. अंबुजाबाई एका बोटानं त्यात मजकूर भरायच्या. माझ्या आवडीचे काही अजून आठवतात. 'बायको माहेरी. लाल करणे.' 'गोड बंद म्हणतो. मिशीला पाक.' 'मुलीचं लग्न ठरलं. महिनाभर चिंता नाही, नंतर पाहणे.'

वरदराजन सारांचं मात्र नुसत्या रकान्यानं भागणार नव्हतं. त्यांना प्रथिन हवं होतं. डाळ-दूध वाढवलं की रक्तातले दुसरे आकडे बिघडायचे. सगळ्यांत सोयीचं म्हणजे उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. अंबुजाबाई बावीस वर्षं पेशंटना हाच सल्ला देत आल्या होत्या. सोवळ्यातल्या माणसांना त्या 'पांढरं औषध' म्हणायच्या. वरदराजन सारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अम्मा, तुम्ही खाता?"

मी शेजारीच होतो. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. अंबुजाबाई म्हणाल्या, "नाही. आमच्या घरात कुणीच कधी खाल्लं नाही."

"मग मला का सांगता?"

अंबुजाबाई सल्ला तसाच सोडून निघाल्या. मी त्यांना असं एवढंच एकदा पाहिलं. त्या परत आल्या, टेबलापाशी बसल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

वरदराजन सारांच्या पुढच्या खेपेला, दुपारी, त्या कँटीनमधून एक बशी घेऊन आल्या. बशीत उकडलेलं एक अंडं, पिवळा भाग काढून टाकलेला, दोन पांढऱ्या वाट्या नुसत्या. त्या स्टुलावर बसल्या. "अर्धं माझं, अर्धं तुमचं," म्हणाल्या. "आधी माझं." आसपासच्या कॉटवरचे पेशंट कोपरावर उठून बसले. नर्स हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. अंबुजाबाईंनी डोळे मिटले, ओठ हलले, बहुधा देवाला काहीतरी सांगितलं, आणि ती वाटी तोंडात घातली. सत्तावन्न वर्षांच्या बाई पहिलं अंडं खात होत्या. त्यांनी ते पुष्कळ वेळ चावलं. गिळलं. डोळे उघडले.

"कसं आहे?" वरदराजन सारांनी विचारलं.

"वाईट म्हणायला चव तर पाहिजे," त्या म्हणाल्या. "रबर आहे, सार. खोडरबर. यात पाप करण्यासारखं काही नाही."

वरदराजन सार बशीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लाइन क्लिअर," आणि त्यांनी आपली वाटी उचलली.

त्यांनी एकच अट घातली होती, की घरी कळता कामा नये. बायको सोसणार नाही. अंबुजाबाईंनी वचन दिलं. दोनच दिवसांनी वॉर्डात बाईंना फोन आला. वरदराजन सारांच्या पत्नी बोलत होत्या. शेजारच्या कॉटवरच्या माणसाच्या बायकोनं त्यांना त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. "तिथे खाऊ द्या त्यांना," त्या म्हणाल्या, "रोज खाऊ द्या. फक्त मला माहीत नाही असंच त्यांना सांगा. मला कळलं असं कळलं तर सोडून देतील." अंबुजाबाईंनी त्यांनाही वचन दिलं. पुढे कित्येक महिने नवरा बायकोपासून आणि बायको नवऱ्यापासून एकच गोष्ट लपवत होती आणि दोघांची गुपितं अंबुजाबाई सांभाळत होत्या. दोन महिन्यांनी अल्ब्युमिन वर यायला लागलं.

"तुमच्या घरी सांगितलंत?" मी त्यांना विचारलं.

"त्याच दिवशीं. वहिनी वेलची सोलत होती. म्हटलं, मी अंडं खाल्लं. तिनें पुसलं, कसं होतं?" त्या हसल्या. "चाळीस वरुषं आम्ही दोघी एका स्वयंपाकघरांत आहों. मज वाटलं होतं, भांडं फेकेल."

पुढच्या वर्षी ठरल्याप्रमाणे अंबुजाबाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा भरली नाही. मीही पुण्याला नोकरी बदलून गेलो. शेवटच्या सोमवारी डबा आला. रिकामा करून परत द्यायला गेलो तर म्हणाल्या, "ठेव. पुण्यांत काय मेस नाहीं?"

दोनेक वर्षांनी जुन्या कंपनीनं मला चार दिवसांसाठी चेन्नईला बोलावून घेतलं. प्रोग्रॅममध्ये बिघाड आहे, सगळं हिरवंच दिसतं, अशी तक्रार होती. मी अड्यारच्या नव्या सेंटरमध्ये जाऊन एक सकाळभर तपासलं. बिघाड काही नव्हता. नर्स घाईत असायच्या आणि उलटा प्रश्न विचारत बसण्यापेक्षा "साप्टाच्चा?" विचारून मोकळ्या व्हायच्या. मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "तीन सेंटर मिळून एकाही माणसाला काही झालेलं नाही, असं यंत्र सांगतंय," ते म्हणाले. "मला तेव्हाच कळायला हवं होतं." मग त्यांनी सांगितलं की गेल्या आठवड्यापासून त्यांनी अंबुजा मॅडमना परत बोलावलंय, आठवड्यातून तीन दिवस, नर्सना शिकवायला.

त्या दुपारी त्या भेटल्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते, चाल आणखी हळू. पाच नर्सना समोर बसवून त्या विचारत होत्या, "आज सकाळीं तुमच्या पानांत काय उरलं?" आणि एकीलाही धड सांगता येत नव्हतं. मला पाहिल्यावर त्यांनी शिकवणं थांबवलं, माझा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि पुन्हा शिकवायला लागल्या. म्हणजे ठीक होतं.

संध्याकाळी आम्ही बरोबरच बाहेर पडलो. मी वरदराजन सारांबद्दल विचारलं. "गेल्या वरुषीं गेले," त्या म्हणाल्या. "हृदयानं. किडनीनं नाहीं, उपाशी तर नाहींच. त्या दिवशीं दुपारीं पोटभर जेवले होते, त्यांच्या घरची मामी म्हणाली." थोडं चालल्यावर त्या म्हणाल्या, "मामीला मीं शेवटीं सांगून टाकलं कीं त्यांनाही ठाऊक होतं."

"त्यांना ठाऊक होतं? बायकोला माहीत आहे हे?"

"पहिल्या आठवड्यापासून. सिग्नलचा माणूस तो."

अड्यारच्या चौकात त्यांना शेअर ऑटो मिळाली. आधीच सहा माणसं असलेल्या त्या पिवळ्या गाडीत सातवं माणूस कसं मावणार असं मला वाटलं, पण त्या पिशवी पोटाशी धरून शिरल्या आणि मावल्या. मी हात केला, त्यांनी मान हलवली. गाडी पुढच्या सिग्नलला अडकली. मी फुटपाथवरून पाहत होतो. शेजारी कॉलेजमधली एक काटकुळी मुलगी कानांत वायरी घालून बसली होती. अंबुजाबाई तिच्याकडे वळून काहीतरी म्हणाल्या. मुलीनं एका कानातली वायर काढली, मग दुसऱ्या कानातली, आणि भुवया वर करून आठवून आठवून सांगायला लागली. हिरवा दिवा लागला. ऑटो निघाली, आणि ती मुलगी अजून सांगतच होती.